टाळेबंदीच्या वर्षातील निवडक व्हिडिओ गेम

एखाद्या वर्षातील आवडते व्हिडिओ गेम निवडताना चित्रांची झळाळी, कथानकाची लांबी किंवा खपाचे आकडे यांपेक्षा अधिक भरवशाचा निकष म्हणजे त्या खेळांचे नियम: खेळाडूला काय करता येते, कशापासून त्याला अडवले जाते, हरल्यावर त्याचे काय होते आणि एखाद्या गोष्टीसाठी त्याला किती थांबावे लागते. कादंबरी वर्णनातून आणि चित्रपट दृश्यांतून जे पोहोचवतो, ते व्हिडिओ गेम मुख्यतः नियमांतून पोहोचवतो, कारण येथे घटना नुसती पाहिली जात नाही, ती खेळाडूच्या हातून घडते. हा निकष २०२० या वर्षाला लावून पाहणे विशेष उद्‌बोधक ठरते. त्या वर्षी जगभरातील माणसे घरात अडकली होती, दिवसांची मोजदाद विस्कटली होती आणि अनेकांना आपल्या माणसांचा अखेरचा निरोपही घेता आला नव्हता.

त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’ या पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा मान ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ला मिळाला. सूडकथेच्या मध्यावर खेळाडूला शत्रुपक्षातील पात्राच्या जागी उभे करण्याचे त्याचे धाडस मोठे आहे. मात्र त्यातील हिंसा खेळाडूला करावीच लागते आणि पुढे तिचा दोषही त्याच्याच पदरी येतो, त्यामुळे आदर वाटूनही तो जिव्हाळ्याच्या यादीत बसत नाही.

जिव्हाळ्याचा पहिला मान ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ला द्यावा लागतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीने हा गेम २० मार्च २०२० रोजी आपल्या ‘स्विच’ या कन्सोलसाठी, म्हणजे हातात धरून किंवा दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरता येणाऱ्या खेळयंत्रासाठी, प्रसिद्ध केला आणि त्यानंतर पाचच दिवसांनी भारतात देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. पहिल्या १२ दिवसांत त्याच्या १ कोटी १७ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. खेळाडूला एका निर्जन बेटावर घर थाटायचे असते, फळे वेचायची असतात, मासे पकडायचे असतात आणि संग्रहालय भरायचे असते. शत्रू नाही, हारजीत नाही. त्याचा गाभा मात्र घड्याळात आहे. बेटावरील वेळ यंत्रातील खऱ्या घड्याळाप्रमाणे चालते, म्हणून तोडलेली फळे झाडाला पुन्हा धरायला खरोखरच तीन दिवस लागतात, दुकान रात्री दहाला बंद होते आणि काही मासे ठरावीक महिन्यांत, ठरावीक प्रहरीच गळाला लागतात. घरासाठी मिळणाऱ्या कर्जाला व्याज नाही आणि मुदतही नाही. रविवारी विकत घेतलेले सलगम पुढच्या आठवड्यात भाव पाहून विकावे लागतात, नाहीतर ते कुजतात, आणि यंत्राचे घड्याळ मागे फिरवण्याची युक्ती केल्यासही ते कुजतातच. उतावळेपणाला लगाम घालणारे हे नियम एरवी कंटाळवाणे वाटले असते. ज्या काळात सोमवार आणि गुरुवार यांत फरक उरला नव्हता, त्या काळात त्यांनी खेळाडूच्या दिवसाला सकाळ-संध्याकाळ परत दिली.

दुसरी निवड ‘हेडीस’ची, आणि गेमच्या रचनेच्या दृष्टीने तीच सर्वांत समृद्ध आहे. अमेरिकेतील सुपरजायंट गेम्स या छोट्या संस्थेने हा गेम डिसेंबर २०१८मध्ये अपुऱ्या अवस्थेतच खेळाडूंपुढे ठेवला आणि त्यांच्या प्रतिसादानुसार घडवत नेऊन १७ सप्टेंबर २०२० रोजी पूर्ण केला. तो ‘रोगलाइक’ या प्रकारात मोडतो. हे नाव १९८०च्या ‘रोग’ या संगणकीय खेळावरून आले असून अशा गेममध्ये प्रत्येक फेरीला मार्ग, शत्रू आणि मिळणारी शक्ती बदलतात आणि पात्र मेले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. या प्रकारात मृत्यू म्हणजे सामान्यतः निव्वळ दंड असतो. ‘हेडीस’मध्ये ग्रीक पुराणातील पाताळाधिपतीचा पुत्र झॅग्रियस बापाच्या राज्यातून निसटू पाहतो, वाटेत मरतो आणि रक्ताच्या कुंडातून पुन्हा घरच्याच दिवाणखान्यात वर येतो. येथेच या गेमची प्रतिभा दिसते, कारण कथा पुढे सरकण्यासाठी हे परत येणेच आवश्यक असते. दारात बसलेला निद्रेचा देव तो कशाने मेला यावर टिप्पणी करतो, अकिलीस धीर देतो, पहिल्या खंडाच्या शेवटी जिच्याशी झुंज होते ती मेगेराच पुढे घरातील बैठकीत भेटते, आणि ध्वनिमुद्रित केलेल्या २०,०००हून अधिक संवादांमुळे पुनरागमन सहसा शिळे वाटत नाही. ज्यांना झुंज झेपत नाही त्यांच्यासाठी एक ऐच्छिक सोय आहे: ती निवडल्यास शत्रूच्या आघाताची तीव्रता आरंभी २० टक्क्यांनी घटते आणि पुढे प्रत्येक मृत्यूगणिक आणखी २ टक्क्यांनी घटत जाते. हरणाऱ्याला खाली न पाडता हळूहळू वर उचलणारा असा नियम दुर्मीळ आहे. २०२१मध्ये विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार व्हिडिओ गेमसाठी प्रथमच दिला गेला, तो याच गेमला.

पुराणकथेवर आधारलेला त्या वर्षीचा आणखी एक गेम पुण्यात तयार झाला होता. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’मध्ये असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघालेली राजी नावाची मुलगी त्रिशूळ आणि धनुष्य घेऊन लढते, तिची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादांतून सांगितली जाते. मध्ययुगीन राजस्थानी वास्तूंचे जिने-सज्जे, छायाबाहुल्यांतून येणारी आख्याने आणि फिरवून जुळवायची मंडले यांमुळे तो डोळ्यांना तृप्त करतो. नियमांच्या कसोटीवर मात्र तो ‘हेडीस’पुढे उणा पडतो: येथे देवकथा ऐकायला मिळते, पण खेळाडूच्या कृतीशी ती क्वचितच बांधली जाते, आणि शेवट तर फारच अचानक येतो. तरीही भारतीय चित्रपरंपरेवर इतक्या प्रेमाने हात फिरवणारे काम मोठ्या कन्सोलांवर क्वचितच दिसते, म्हणून त्याला यादीतून वगळणे अन्याय्य ठरेल.

शेवटची निवड ‘स्पिरिटफेअरर’ची. माँट्रियल येथील थंडर लोटस गेम्स या संस्थेने ऑगस्ट २०२०मध्ये आणलेल्या या गेमची नायिका स्टेला ग्रीक पुराणातील नावाडी कॅरनकडून मृतात्म्यांना पैलतीरी नेण्याचे काम स्वीकारते. बोटीवर प्रत्येक आत्म्यासाठी खोली बांधायची, त्याच्या आवडीचे जेवण रांधायचे, त्याला मिठी मारायची आणि तो तयार झाला की ‘एव्हरडोर’ नावाच्या दारापर्यंत होडीतून सोडायचे, एवढाच हा उद्योग. लढाई नाही आणि स्टेलाचा पराभवही नाही. मिठी मारणे ही त्यातील एक नियमित क्रिया आहे, तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञा दिलेली आहे, आणि नियमांनी कोवळीक कशी व्यक्त करता येते याचे याहून चांगले उदाहरण त्या वर्षात नाही. स्मृती हरवत चाललेली अ‍ॅलिस नावाची वृद्धा स्टेलाला आपली मुलगी समजू लागते, तेव्हा तिच्या हाताला धरून तिला चालवत न्यावे लागते. बहुतेक आत्मे दाराशी थांबून मनातले बोलतात आणि मग जातात. बेडकाच्या रूपातील खाण्याचा शौकीन अतुलकाका मात्र या रीतीला अपवाद आहे: सर्वांना पंगतीला बसवल्यानंतर एका सकाळी तो बोटीवर नसतोच. त्याला दारापर्यंत सोडण्याची संधी गेम देत नाही, कारणही सांगत नाही, आणि खेळाडू स्वयंपाकघरापासून डेकपर्यंत त्याला शोधत फिरतो, तेव्हा त्याच्या रिकाम्या खोलीत त्याच्यामागे राहिलेले फूल तेवढे सापडते.