हातांची कमाई (भाग 6) : हजेरी सुटते, माप हाती येते

तीन बाय सात फुटांचा दरवाजा म्हणजे 21 चौरस फूट. गवंड्याच्या खिशात महिनाअखेरीस किती पडणार, हे पुष्कळदा या 21 फुटांवर ठरते.

बांधकाम कसे मोजायचे हे ‘आयएस 1200’ या भारतीय मानकात लिहिलेले आहे. त्यातला प्लास्टरचा नियम असा : अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा मापातून वजा करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दरम्यान असेल आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना सारखेच प्लास्टर असेल, तर वजावट एकाच अंगाची. त्या बदल्यात चौकटीच्या कडांचे माप वेगळे धरत नाहीत. आपला दरवाजा दोन चौरस मीटरच्या किंचित आत, म्हणजे याच गटात. ठेकेदाराने दोन्ही अंगे वजा केली आणि कडाही धरल्या नाहीत, तर दर दरवाज्यामागे 21 फूट काम फुकट गेले. सहा दरवाज्यांच्या घरात 126 फूट, म्हणजे सव्वा ब्रास! खासगी कामात अर्थात दोघांत ठरेल तेच खरे. म्हणूनच ‘दरवाज्या-खिडक्यांचे कसे धरणार?’ हे आधीच विचारणारा मिस्त्री आणि न विचारणारा मिस्त्री यांच्या थापीत फरक नसला, तरी कमाईत असतो.

बिगारी, गवंडी, मिस्त्री, ठेकेदार ही चढण सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरी उडी हुद्द्यात नाही. ती हजेरीवरून अंगावरच्या कामाकडे जाण्यात आहे. हजेरीला दिवसाची मर्यादा असते. पावसाने खाडा पडला की रोज बुडाला. अंगावर काम घेतले की फुटावर, ब्रासवर किंवा टनावर पैसे. धोकाही तेवढाच : दर चुकला तर हाताखालच्या माणसांचा रोज स्वतःच्या पदरचा द्यावा लागतो.

सळई बांधणाऱ्या फिटरचेही तसेच. सळईच्या जाडीचा मिलिमीटरमधला वर्ग करायचा आणि 162 ने भागायचे, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. 12 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 0.89 किलो, 12 मीटरचा अख्खा बार साधारण 10.7 किलो. टनावर काम घेणाऱ्याला एवढे गणित आले, की बिल दुसऱ्याच्या भरवशावर सोडावे लागत नाही.

कामही बदलते आहे. मोठ्या शहरांतल्या उंच इमारतींत ‘मायवान’ पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. तिथे वीटकाम आणि जाड प्लास्टर कमी होते. साचा लावणारे, फरशी बसवणारे, प्लंबर आणि वायरमन मात्र लागतातच. आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, वीजतंत्री आणि तारतंत्रीचा दोन वर्षांचा. वायरिंगच्या धंद्यात तर कागदालाच मोल आहे. नव्या वीजजोडणीच्या चाचणी अहवालावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते, त्यामुळे परवाना नसलेला कितीही तरबेज असला तरी त्याला दुसऱ्याच्या नावाखाली राबावे लागते.

हातातल्या कसबाची किंमत केवढी असू शकते, हे इस्रायलच्या भरतीत दिसले. नोव्हेंबर 2023 मध्ये भारताशी झालेल्या करारानंतर तिथे शटरिंग, सळई बांधणे, टाइल बसवणे आणि प्लास्टर या चार कामांसाठी माणसे घेतली गेली. जाहीर झालेला पगार महिन्याला सुमारे 1 लाख 37 हजार रुपये. युद्धाच्या छायेतली ही नोकरी, तेव्हा जिवाचा विचार प्रत्येकाने आधी करावा. पण ही चारही कामे आपल्या कुठल्याही तालुक्यात रोज चालतात, हेही खरे.

या सगळ्यातून बाहेर राहतात त्या बाया. वीस-वीस वर्षे घमेली वाहूनही त्यांच्या नावापुढे ‘बिगारी’च लागते, कारण थापी हातात देऊन कोणी शिकवत नाही. बांधकाम क्षेत्राचा सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. निदान नोंदणी तरी त्यांच्या हातची आहे : वय 18 ते 60 आणि गेल्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम, एवढ्यावर बाईलाही बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात स्वतःच्या नावाने नोंद करता येते, नवऱ्याची नोंद असो वा नसो. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार देतो, गावात ग्रामसेवकही देतो.

पुढच्या भागात : मंडळाकडे जमा होणारा उपकर कुठून येतो, आणि नोंदणीनंतर काय मागता येते.