जुना पूल, वळसा आणि आपला ऊस



हंगाम जवळ आला की शेतकी खात्याच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "साहेब, यंदा पुलावरून ट्रॅक्टर सोडणार का वळसा मारायला लावणार?" नदीपलीकडे ज्यांचे फड आहेत त्यांना हा प्रश्न पडणारच. जुन्या पुलावर दुरुस्ती निघाली, किंवा 'अवजड वाहनांस बंदी' अशी पाटी लागली, की आपली पहिली भावना रागाची असते. पूल तर डोळ्यांपुढे धडधाकट उभा आहे, एस.टी. काल-परवापर्यंत जात होती, मग आमच्या उसालाच आडकाठी का? या रागाबद्दल आज चार शब्द मोकळेपणाने लिहितो.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र पुष्कळांच्या लक्षात असेल. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. शेजारी नवा पूल उभा होता, पण मुंबईकडे जाणारी वाहने जुन्यावरूनच जात होती. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एस.टी. गाड्या काळोखात थेट नदीत गेल्या. पूल पडल्याचे पुलाजवळच्या गॅरेजातल्या एका माणसाच्या ध्यानात आले आणि त्याने मागून येणारी वाहने थांबवली, म्हणून पुढचे प्राण वाचले. जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल सुरू झाला. म्हणजे मनावर घेतले तर पूल वर्षाच्या आत होतो. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

कोणी म्हणेल, तो दगडी पूल होता, आमचा सिमेंटचा आहे. त्यांनी गुजरातेतला मही नदीवरचा गंभीरा पूल आठवावा. १९८५ साली वाहतुकीला खुला झालेला हा काँक्रीटचा पूल ९ जुलै २०२५ रोजी सकाळी, भर वाहतुकीत, मधोमध तुटला. वाहने खाली गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. पुलाचे वय चाळीस वर्षे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या विहिरी याहून जुन्या आहेत.

पूल अचानक पडतो असे आपण म्हणतो, पण तो आतून बरीच वर्षे खचत असतो. दगडी पुलाचा सारा भार कमानीतून खांबावर आणि खांबातून पायावर उतरतो. पुराचे पाणी खांबाला वळसा घालताना पायालगतची वाळू-माती खरवडून नेते. पूर ओसरला की खड्डा गाळाने भरतो आणि वरून सगळे ठीक दिसते. त्यात आपणच पुलाजवळची वाळू उपसली तर पाया आणखी उघडा पडतो. सांध्यात पिंपळ-उंबर उगवतो, त्याची मुळी दगड सरकवते. काँक्रीटच्या पुलात पाणी झिरपून आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. तुळई ज्या बेअरिंगवर टेकलेली असते ते झिजते किंवा अडकून बसते. हे रस्त्यावरून जाताना दिसत नाही. पुलाखाली उतरून पाहावे लागते.

आता आपल्या वाहनाकडे पाहू. दोन ट्रॉल्यांत मिळून अठरा-वीस टन ऊस आपण काट्यावर रोज पाहतो. त्यात ट्रॅक्टरचे आणि मोकळ्या ट्रॉल्यांचे वजन धरा. दोन आसांच्या ट्रकला २०१८ पासून मालासकट साडेअठरा टनांची मर्यादा आहे. आपण ती केव्हाच ओलांडलेली असते. शिवाय आपली वाहने एकामागे एक, हळू, बहुधा रात्री, आणि सारा हंगाम त्याच पुलावरून जातात. ज्या काळी पुष्कळसे जुने पूल बांधले, त्या काळी ऊस बैलगाडीतून येत होता.

दुरुस्तीच्या वेळी वाहतूक पूर्ण बंद का ठेवतात, हेही समजून घ्यावे. बेअरिंग बदलायचे तर जॅक लावून वरचा भाग उचलावा लागतो. भेगांत सिमेंट भरले किंवा खांबाला काँक्रीटचे नवे कवच घातले, तर ते पक्के होण्यास दिवस लागतात. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनंतरची धरतात ती उगाच नव्हे. आपण नव्या लागणीत जनावर शिरू देत नाही, तसेच हे आहे.

एक गोष्ट माझ्या चुकीची सांगतो. पुलाचे नाव घेत नाही. एका हंगामात, फेब्रुवारी महिन्यात, पलीकडच्या तीरावर दोन दिवसांचा तोडलेला ऊस पडून होता. पुलावर अवजड वाहनांना बंदी होती. मुकादम म्हणाला, "साहेब, वळशानं गेलो तर उजाडायच्या आत काट्यावर पोचत नाही." सभासद फोनवर फोन करत होते. मी एवढेच म्हणालो, "बघा तुमचं तुम्ही." अधिकारी माणसाने असे म्हटले की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे मुकादमाला बरोबर कळते.

ट्रॅक्टर पुलाच्या मध्यावर असताना मागच्या ट्रॉलीची पिन निघाली. भरलेली ट्रॉली पुलावर तशीच उभी राहिली आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली. एका जीपमध्ये दवाखान्यात निघालेली बाळंतपणाची बाई होती. तिला घरच्या माणसांनी धरून चालवत पलीकडे नेले आणि दुसऱ्या गाडीत बसवले. मी कठड्याला हात टेकून उभा होतो. एखादी मोटारसायकल शेजारून गेली तरी हाताला कंप कळत होता. पहाटे टोळीने मोळ्या उतरवून ट्रॉली हलकी केली, तेव्हा रस्ता मोकळा झाला. ती बाई सुखरूप राहिली हे नंतर समजले. तो ऊस काट्यावर पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी. वळशाने गेला असता तर सकाळच्या चहाला पोचला असता.

त्यानंतर मी वळशाचा हिशोब कागदावर मांडला. समजा, वळसा वीस किलोमीटरचा आहे आणि भरलेला ट्रॅक्टर ताशी पंधराने चालतो. म्हणजे एक तास वीस मिनिटे जास्त. डिझेल वाढते, खेपा कमी होतात, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊसदरातूनच वजा होत असल्याने त्याची झळ आपल्यालाच बसते. हे खोटे नाही. पण तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, नाहीतर वजन घटते आणि उतारा पडतो, हे आपण सगळे जाणतो. हे चोवीस तास जातात कुठे? एक तास वीस मिनिटे वळशात. बाकीचे फडात भरणीची वाट पाहण्यात आणि काट्याच्या रांगेत. जो ट्रॅक्टर दोन खेपा करत होता तो वळशामुळे एकच करणार असेल, तर तोडही तेवढीच कमी केली पाहिजे. खेप एक आणि तोड दोन खेपांची, असे झाले की ऊस वाळतो आणि दोष पुलाला जातो.

म्हणून सभासदांना व वाहतूकदारांना विनंती :

१. ज्या पुलावर दुरुस्ती किंवा बंदी आहे, त्याच्या पलीकडच्या फडांची तोड उपलब्ध खेपांप्रमाणेच ठरवावी. चिटबॉयवर जादा तोडीसाठी दबाव आणू नये.

२. 'एका वेळी एक वाहन' अशी पाटी असेल तिथे पुढचे वाहन पूर्ण उतरल्याशिवाय आपले चढवू नये. पुलावर वाहन उभे करू नये.

३. ट्रॉलीची पिन, साखळी आणि मागचे तांबडे रिफ्लेक्टर खेपेआधी तपासावेत.

४. पुलाजवळची वाळू कोणी उपसत असेल तर गप्प बसू नये.

५. खांबाला भेग, कठड्याला झुकाव, रस्त्याला नवा खचका किंवा सांध्यात झाड दिसले तर गट ऑफिसात कळवावे. आपण ते लेखी बांधकाम विभागाकडे पाठवू.

पाटी वाचूनही न मानण्याची आपली खोड जुनी आहे. मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. धोक्याची पाटी तिथेही होती.

या हंगामात नदीपलीकडच्या सभासदांनी मला शिव्या द्याव्यात, मी त्या ऐकून घेईन. पण "बघा तुमचं तुम्ही" हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. वळशाच्या मार्गात कुठे खड्डे, अरुंद मोरी किंवा खाली आलेली विजेची तार असेल, तर गळिताआधी गट ऑफिसात नोंदवा. रस्ता आत्ताच नीट करून घेतला तर हंगामात वाहने अडणार नाहीत.

आपला,
ऊस विकास अधिकारी