पाढे, त्रिकोण आणि लूपमधला लूप

संगणकाच्या तासाला मुलं एक आज्ञावली हमखास पाठ करतात. पडद्यावर अंकांचा असा त्रिकोण उमटवणारी:

१
१ २
१ २ ३
१ २ ३ ४

ती बिनचूक लिहिणाऱ्या मुलांना आम्ही एकदा विचारलं, 'हाच त्रिकोण उलटा, म्हणजे मोठी ओळ वर घेऊन छापता येईल?' बहुतेकांच्या माना खाली गेल्या. आज्ञावली पाठ होती, पण ती चालते कशी हे कळलेलं नव्हतं. ते कळण्यासाठी आपण आधी पाढ्यांकडे वळू या.

बे एके बे, बे दुणे चार… बे दाहे वीस. मग तीन एके तीन. इथे दोन मोजण्या चालू असतात. कितीचा पाढा, ही बाहेरची. एके, दुणे, त्रिक ही आतली. आतली मोजणी दहापर्यंत पोचली की मगच बाहेरची एक पाऊल पुढे सरकते आणि आतली पुन्हा 'एके'वर येते. २ ते ३० पाढे म्हणताना बाहेरची मोजणी २९ वेळा होते, तर आतली २९ × १० म्हणजे २९० वेळा. लूपच्या आत लूप म्हणजे एवढंच.

आता त्रिकोणाच्या आज्ञा आपल्या भाषेत लिहू:

'ओळ' १ पासून ४ पर्यंत मोजा. प्रत्येक ओळीसाठी:
(अ) 'अंक' १ पासून 'ओळ'पर्यंत मोजा आणि दर वेळी 'अंक' छापा.
(आ) ते संपल्यावर नव्या ओळीवर जा.

सगळी गंमत (अ)मध्ये आहे. पाढ्यात आतली मोजणी नेहमी १० वर थांबते. इथे तिने कुठे थांबायचं हे बाहेरचा चल ठरवतो. म्हणून ओळी वाढत जातात.

आता मुलांना एका वेळी एकच बदल करू द्या, आणि काय छापलं जाईल ते आधी वहीत लिहायला सांगा. 'ओळ'पर्यंतऐवजी '४ पर्यंत' मोजलं, तर चौरस मिळतो. 'अंक'ऐवजी 'ओळ' छापली, तर १, २ २, ३ ३ ३ अशा ओळी येतात. (आ) ही आज्ञा चुकून आतल्या लूपमध्ये गेली, तर दहाही अंक एकाखाली एक उतरतात. आणि बाहेरची मोजणी ४ पासून १ पर्यंत उतरती केली, की तो उलटा त्रिकोण!

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड (१९३६–२००१) यांच्या नावाने ओळखला जाणारा त्रिकोणही जरूर करून पाहावा:

१
२ ३
४ ५ ६
७ ८ ९ १०

इथे छापायचा अंक दोन्ही लूपबाहेर १ वर ठेवतात, प्रत्येक छपाईनंतर एकाने वाढवतात आणि नव्या ओळीला तो परत १ करत नाहीत. ओळींची शेवटची पदं पाहा: १, ३, ६, १०. या त्रिकोणी संख्या. म्हणजे न ओळींत न × (न + १) ÷ २ अंक छापले जातात. १०० ओळींना ५०५०, तर २०० ओळींना २०१००. ओळी दुप्पट केल्या, की काम जवळजवळ चौपट!

वर्गात संगणक एकच असला तरी अडत नाही. फळ्याशी दोन मुलं उभी करा. एकाने 'ओळ' सांगायची, दुसऱ्याने त्या ओळीतले अंक लिहायचे. दुसऱ्याचं संपेपर्यंत पहिल्याने गप्प राहायचं. तो घाईने बोलला, तर चूक कुठे झाली हे वर्गच ओरडून सांगेल.