विश्लेषण : शहरात 'अस्सल माणदेशी' जेवण ओळखायचे कसे?

पुणे, पिंपरी-चिंचवड, नवी मुंबई या पट्ट्यात हॉटेलांच्या पाट्यांवर पूर्वी 'कोल्हापुरी' आणि 'मालवणी' हे दोनच शब्द प्रामुख्याने दिसत. आता त्यांच्या जोडीला 'गावरान', 'चुलीवरचे' आणि 'माणदेशी' हे शब्दही आले आहेत. यातील पहिले दोन शब्द कोणीही, कशालाही लावू शकतो. तिसऱ्याचे तसे नाही, कारण त्यामागे एक ठरावीक मुलूख आहे. त्या मुलखातून पोटासाठी बाहेर पडलेल्यांची संख्या मोठी असल्याने पाटी वाचून आत शिरणाऱ्यांत चव ठाऊक असलेलेही असतात. ताट समोर आल्यावर त्यातील बऱ्याच जणांची निराशा होते. ही निराशा नेमकी कशाची, आणि 'अस्सल' म्हणजे काय हे ठरवणार कोण?

माणदेश नेमका कुठला?

माण हा सातारा जिल्ह्यातील तालुका असून त्याचे ठाणे दहिवडी. माणदेश मात्र तालुक्यापुरता नाही. माणगंगा नदी माण तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, म्हसवडवरून सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यातून वाहत पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. तिच्या दोन्ही अंगांचा हा पर्जन्यछायेचा पट्टा म्हणजे माणदेश. खटाव, जतपर्यंतचा भागही बोलण्यात त्यातच धरला जातो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी'मुळे हा मुलूख मराठी वाचकाला ओळखीचा झाला. त्याचे जेवण मात्र पुस्तकांतून फारसे बाहेर आले नाही.

मग इथले जेवण कसले?

उत्तर साधे आहे. जे कमी पाण्यावर येते ते. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी, करडई. हुलग्याच्या पिठाची पातळ पेज म्हणजे माडगे, त्याच पिठाचे वळलेले शेंगोळे, ताकातल्या कण्या, आंबील, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा खर्डा. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या रानभाज्या, थंडीत करडईची कोवळी पाने. मटण हा रोजचा पदार्थ कधीच नव्हता. ते जत्रेचे, नवसाचे किंवा पाहुणा आल्यावरचे.

शहरातल्या पाटीवर मात्र नेमके मटणच असते. माणदेशी म्हणजे मटण ही समजूत हॉटेलांनीच पसरवली आणि ती व्यवहाराला धरूनही आहे, कारण माडग्याचे दीडशे रुपये कोणी देणार नाही. माण तालुक्यात जेवणासाठी सर्वांत जास्त माणसे बहुधा गोंदवल्याला येत असतील. तिथल्या महाप्रसादात मटणाचा संबंध नाही, हे पाटी रंगवणाऱ्याच्या गावीही नसते.

मटणातला फरक कसा कळतो?

गावच्या जत्रेत एका बोकडावर सगळी भावकी आणि पाहुणे जेवतात. त्यामुळे रस्सा पातळ असतो आणि भाकरी त्यात कुस्करून खायची असते. मसाल्यात भाजलेला कांदा, लसूण, धने, तीळ आणि सुके खोबरे. ओला नारळ या मुलखात पिकत नाही, काजू तर नाहीच. त्यामुळे काजूची पेस्ट, साय किंवा बटर लागलेला दाट रस्सा समोर आला, तर तो चवीला उत्तम असेलही, पण माणदेशी नव्हे. वर बोटभर तेल तरंगत असेल तरी तेच. करडईचे तेल ज्या घरात पळीने मोजून पडत होते, त्या घरचा तो रस्सा नाही. पांढरा रस्सा कोल्हापूरचा. माणदेशात मसाला पडण्याआधी शिजलेल्या मटणाचे अळणी पाणी काढून पोरांना आणि म्हाताऱ्यांना देतात. मागितल्यावर ते मिळाले, तर स्वयंपाक मागे कोणाच्या हातात आहे याचा अंदाज येतो.

आणखी एक खूण म्हणजे पदार्थांच्या यादीचा शेवट. तिथे वजडी, रक्ती, मुंडी, पाया असेल, तर गिऱ्हाईक गावचे आहे. नवशिके गिऱ्हाईक सहसा हे पदार्थ मागवत नाही आणि फक्त त्याच्यासाठी चालणारे हॉटेल ते करण्याच्या खटाटोपात पडत नाही. मटण शेळीचे की मेंढीचे, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. पुण्यात मेंढीच्या मटणाला 'बोल्हाईचे मटण' असे वेगळे नाव आहे, कारण वाडेबोल्हाईच्या देवीचे भक्त शेळीचे मटण खात नाहीत. माणदेश हा मेंढपाळांचा मुलूख आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी तर जातिवंत म्हणून ओळखली जाते. हॉटेलवाल्याला आपण काय शिजवतो हे सांगता आले पाहिजे, एवढी अपेक्षा गैर नाही.

खरी परीक्षा भाकरीची का?

मसाला पाकिटात बांधून शहरात आणता येतो. बाजरीच्या पिठाचे तसे नाही. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, त्यामुळे दळल्यानंतर थोड्याच दिवसांत पीठ खवट, कडवट होऊ लागते. म्हणून गावात पीठ थोडे थोडे दळून आणतात. ज्या हॉटेलात पंधरा दिवसांचे पीठ पोत्यात भरून ठेवलेले असते, तिथली भाकरी पहिल्याच घासाला ओळखू येते. शिवाय बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ गरम पाण्यात मळायचे, हाताने थापायचे आणि लगेच तव्यावर टाकायचे. थंड झालेली भाकरी कडक होते, म्हणून आधी करून ठेवता येत नाही. म्हणजे गर्दीच्या वेळी तव्यापाशी सराईत बाई हवीच.

इथे प्रश्न चवीपेक्षा मोठा होतो. भाकरी थापणाऱ्या बाया बऱ्याचदा दुष्काळी तालुक्यांतूनच आलेल्या असतात आणि अनेक ठिकाणी त्यांची मजुरी भाकरीच्या नगावर ठरते. धगीपाशी तासन् तास बसून केलेल्या त्या कामावर हॉटेलचे 'अस्सल' उभे असते. तरी पाटीवर फोटो असतो तो फेटा बांधलेल्या मालकाचा.

याचा मेक्सिकोशी काय संबंध?

'अस्सल' जेवणाचा हाच वाद जगात सर्वांत जास्त गाजला तो मेक्सिकन जेवणावरून. अमेरिकेतल्या शहरांत मेक्सिकन म्हणून जे वर्षानुवर्षे विकले गेले, त्यातले बरेचसे टेक्सासच्या सीमाभागात घडलेले होते. मैद्याची पोळी, पिवळे चीज, जिऱ्याचा भडिमार. डायना केनेडी यांचे 'द क्विझिन्स ऑफ मेक्सिको' हे पुस्तक १९७२ मध्ये आले, तेव्हा मेक्सिकोत एक नव्हे, अनेक प्रादेशिक स्वयंपाक आहेत हे इंग्रजी वाचकांना नीट कळू लागले. २०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाकपरंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्याच वर्षी 'टाको बेल' ही अमेरिकी साखळी बंगळुरूमध्ये उघडली आणि भारतातील अनेकांना मेक्सिकन जेवण प्रथम भेटले ते या अमेरिकी वाटेने.

तिथल्या जाणकारांची कसोटीही भाकरीचीच आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, वाटून त्याच्या पिठाची तोर्तिया थापतात. चुन्यामुळे मक्याचे साल सुटते, पीठ मळता येते आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. हे काम रोज करणारे हॉटेल वेगळे आणि तयार तोर्तियाचे पाकीट फोडणारे वेगळे. जीभ, आतडी यांचे टाको यादीत आहेत का, हेही तिथले लोक पाहतात. वजडीचीच ही गोष्ट.

या दोन मुलखांत आणखी एक दुवा आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मका व गव्हावर संशोधन करून शेतकऱ्यांसाठी शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकर वाटणाऱ्या माणसाच्या रूपात रंगवले आहे.

मग मिरची तरी आपली का?

नाही. मिरची मूळ मेक्सिकोच्या बाजूची. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारताच्या किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटासाठी मिरी होती आणि 'मिरची' हे नाव तिच्यावरूनच पडले. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी, माणदेशी शिदोरीतल्या या दोन्ही वस्तू समुद्रापलीकडून आलेल्या. हुलगा आणि बाजरी त्यांच्या फार आधीच्या. त्यामुळे 'अस्सल' म्हणजे 'अनादि' असा अर्थ घेतला, तर हाती काहीच उरत नाही. त्या मातीत, त्या पाण्यात, त्या गरिबीत माणसांनी जे बसवले आणि पिढ्यानपिढ्या खाल्ले ते अस्सल, एवढाच अर्थ टिकतो.

कायदा काही सांगतो का?

थोडेसे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांत 'पारंपरिक', 'मूळ', 'अस्सल' अशा अर्थाचे शब्द कधी वापरता येतात याच्या अटी आहेत. पण त्यांचा रोख मुख्यतः पदार्थाच्या लेबलवर आणि जाहिरातीवर आहे. गल्लीतल्या हॉटेलच्या पाटीपर्यंत ते क्वचितच पोहोचतात. दुसरा मार्ग भौगोलिक मानांकनाचा. मंगळवेढ्याची ज्वारी, सांगलीची हळद आणि बेदाणा यांना ते मिळाले आहे. शिजवलेल्या पदार्थांत हैदराबादच्या हलीमला २०१० मध्ये मिळाले. मात्र असे मानांकन ठरावीक कृतीच्या ठरावीक वस्तूला मिळते, 'माणदेशी जेवण' अशा सैल नावाला नाही. त्यामुळे हे नाव आज कोणीही लावू शकतो.

शहरात हे जेवण आधी नव्हतेच का?

होते, पाटी नव्हती. मुंबईत गिरण्यांत आणि गोदीत कामाला आलेले सातारा-सांगलीचे लोक गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत आणि जेवायला एखाद्या मावशीच्या खानावळीत जात. महिन्याचा हिशेब, ठरलेले ताट, आठवड्यातून एकदा मटण. या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. १९८२ चा संप आणि त्यानंतर बंद पडलेल्या गिरण्या यांनी त्या खानावळींचे गिऱ्हाईकच नेले. आज 'अस्सल'च्या शोधात फिरणाऱ्यांना जे हवे आहे, ते पन्नास वर्षांपूर्वी लालबाग-परळच्या चाळींत शिजत होते आणि तेव्हा कोणी त्याचे कौतुक केले नव्हते.

आटपाडी, खानापूर, खटाव भागातली गलाई व्यावसायिकांची कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त देशभरातल्या शहरांत पसरली आहेत. केरळात किंवा बंगालात राहूनही त्यांच्या घरी चटणी गावाहूनच येते. हे स्वयंपाक हॉटेलांत नाहीत. माणदेशी चव आज शहरात सर्वांत चांगली कुठे मिळते, याचे खरे उत्तर बहुधा 'कोणाच्या तरी घरी' असेच आहे.

पण गावात तरी ती टिकली आहे का?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूर या उपसा योजनांचे पाणी जिथे पोहोचले, तिथे बाजरी-हुलग्याच्या जागी ऊस आणि डाळिंब आले. शेतकऱ्याने ते का करू नये? दुष्काळात चारा छावणीत जनावरे घेऊन राहिलेल्या माणसाला शहरातल्या खवय्यासाठी हुलगा पेरायला सांगणे हा उद्दामपणा होईल. पण परिणाम असा, की माडगे आणि शेंगोळे गावातही आता सणावाराचे किंवा आजारपणातले होत आहेत. हॉटेलवाल्याने गावचा हुलगा, गावची बाजरी थोडा जास्त भाव देऊन थेट विकत घेतली, तर पेरणाऱ्याला कारण मिळेल. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने मुंबईत भरवलेल्या माणदेशी महोत्सवात गावच्या बायाच चटण्या, धान्य आणि गरम भाकरी विकतात. तिथे पैसे सरळ थापणाऱ्या हातात पडतात.

बाकी दिवशी हॉटेलात शिरताना मालकाला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. बाजरी कुठून येते आणि ती किती दिवसांनी दळता? उत्तर पटकन आले तर बसावे. आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, त्या दिवशी दुकान उघडे असते का, हेही विचारून घ्यावे.