लष्करातलं शाळांचं घर

पुण्यातल्या मुलींच्या शिक्षणाचा इतिहास आपण पेठांमधून सांगतो. 1848 साली भिडेवाड्यात फुले दांपत्याने काढलेली शाळा, 1884 ची हुजूरपागा, मग पंडिता रमाबाईंचं शारदा सदन. हे सांगणं योग्यच आहे. पण पेठा ओलांडून पूर्वेला गेलं की इंग्रजांचं लष्कर लागतं. गोऱ्या पलटणी, त्यांच्यावर पोट असलेले पारशी, मुसलमान, ज्यू, गोवेकर, मराठी नोकरदार अशी ती वस्ती. तिथे सोराबजी कुटुंबाने जे केलं, त्याची नोंद आपल्या आठवणीत फार पुसट आहे.

सोराबजी खरशेटजी लांगराणा मूळचे पारशी. 1841 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री झाले. नाशिक, बेळगाव, पुणे असा त्यांचा प्रवास. पत्नी फ्रान्सिना दक्षिणेतल्या, निलगिरीकडच्या. सर फ्रान्सिस आणि लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज दांपत्याने त्यांना लहानपणी पोटच्या मुलीसारखं वाढवलं. त्यांना इंग्रजी घरातली शिस्त ठाऊक होती आणि हिंदुस्थानी संसारही. पुढे त्यांच्या शाळेला हे दोन्ही उपयोगी पडलं.

1876 च्या सुमारास फ्रान्सिनाबाईंनी व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केलं, तेही राहत्या घरात. एका कुटुंबाला हे धाडस परवडलं, त्यामागे सरकारी धोरणही होतं. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत ब्रिटिश मुलखात रुजत गेली होती. शाळा चालवून दाखवली की थोडा पैसा मिळे, उरलेला देणग्यांतून उभा करायचा. 1886 मध्ये फ्रान्सिनाबाई त्यासाठी इंग्लंडला जाऊन व्याख्यानं देत फिरल्या.   

मला या शाळेत सगळ्यात मोलाची वाटते ती तिची बैठकव्यवस्था. इंग्रज, पारशी, हिंदू, मुसलमान मुलं एकाच वर्गात, आणि मुलगे-मुली एकत्र. ज्या काळात पंगतीला शेजारी कोण बसतं यावर घरं तुटत होती, त्या काळात हे घडत होतं. पण बाईंना एवढ्यावर समाधान नव्हतं. इंग्रजी शाळा लष्करातल्या थोड्याच घरांना पुरणार, हे त्यांनी ओळखलं आणि मराठी, गुजराती आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. शिक्षिका तयार करण्याचं कामही हाती घेतलं. मुलींची शाळा काढणं त्या काळी अवघड होतंच, पण तिथे शिकवायला बाई मिळणं त्याहून अवघड. घरचे लोक मुलीला पुरुष मास्तराकडे पाठवत नसत आणि शिकलेल्या बायका तर मोजक्याच. ही गाठ सोडवल्याशिवाय पुढे पाऊल पडत नव्हतं.

ती फ्रान्सिनाबाईंनी आधी घरातच सोडवली. त्यांना सात मुली. त्यांतल्या कित्येक जणी आईच्याच वाटेने शिकवायला उभ्या राहिल्या. कॉर्नेलिया तर डेक्कन कॉलेजात पहिली विद्यार्थिनी म्हणून गेली, मुलग्यांच्या गर्दीत एकटी. पदवीच्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली. त्या गुणांवर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती बाई म्हणून नाकारली गेली. मग ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला गेली. वय 22 च्या आसपास, समोर बसलेले सगळे पुरुष. आज तिला आपण पहिल्या महिला वकिलांपैकी एक म्हणून ओळखतो, पण तिची पहिली कमाई मास्तरकीची होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्यांनी वर्गणी काढली तेव्हा 1889 मध्ये ती ऑक्सफर्डला पोहोचली. 1892 मध्ये तिने कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला मात्र 1922 उजाडलं, कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदव्याच देत नव्हतं.

कॉर्नेलियाची धाकटी बहीण सुसी मात्र आईच्या शाळांना चिकटून राहिली. प्रकृती नाजूक, तरी अमेरिकेत फिरून तिने मदत उभी केली आणि 1908 मध्ये पुण्यात सेंट हेलेना शाळा काढली. आई 1910 मध्ये गेली. सुसीने 1931 मध्ये जग सोडेपर्यंत काम सोडलं नाही.

मग हे घराणं आपल्या आठवणीतून निसटलं कसं? धर्मांतर हे एक कारण. पेठांमधल्या सुधारकांनाही मिशनच्या शाळेची धास्ती होती, आणि ती निराधार नव्हती. शिकवण्यामागे धर्मप्रसाराचा हेतू या कुटुंबाने लपवलेला नाही. दुसरं कारण राजनिष्ठा. कॉर्नेलिया शेवटपर्यंत ब्रिटिश राज्याच्या बाजूने राहिली, गांधीजींच्या चळवळीला तिने उघड विरोध केला. स्वातंत्र्यानंतर अशा माणसांना जागा मिळणं कठीणच होतं. कॉर्नेलियाच्या राजकारणावर टीका जरूर व्हावी, मीही करेन. पण तिचा राग तिच्या आईच्या वर्गांवर काढणं अन्यायाचं आहे. फुले, रानडे, रमाबाई, कर्वे यांच्या नावांशेजारी फ्रान्सिना सोराबजी हे नाव आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवं.