स्टेशनवरचं मूल संस्थेत का टिकत नाही?

प्लॅटफॉर्मवर झोपणाऱ्या मुलांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. दोन वेळचं जेवण, अंथरूण, शाळा सगळं मिळत असताना ही मुलं संस्थेतून पळून का जातात? आजच्या भागात त्याबद्दलच बोलू.

आधी स्टेशन त्या मुलाला काय देतं ते बघा. सीएसएमटी, दादर किंवा कल्याणला लांबच्या गाडीतून उतरलेलं मूल रिकाम्या बाटल्या गोळा करून भंगारवाल्याला विकतं. रोजच्या रोज रोख पैसे! सोबतीला टोळी असते. त्यातली मोठी पोरं मारतात, पैसे काढून घेतात. पण ताप आला की चहाही तीच आणून देतात. शिवाय व्हाइटनर नाहीतर पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर घेऊन हुंगायची सवय. त्याने भूक मरते, भीतीही मरते. आणि कधी उठायचं, कुठे जायचं, हे सांगणारं कुणी नसतं. दहा वर्षांच्या मुलाला हे फार मोठं वाटतं.

म्हणून पहिले काही तास मोलाचे. नुकतंच आलेलं मूल ओळखू येतं: कपडे बऱ्यापैकी स्वच्छ, नजर भांबावलेली, पायात अजून चप्पल. ते वेळेत सापडलं तर बऱ्याचदा घरी परत जाऊ शकतं. महिनोन्‌महिने स्टेशनवर काढलेल्या मुलाचं काम वेगळं. तिथे कार्यकर्ते आठवडेच्या आठवडे नुसते जाऊन बसतात. जखमेला पट्टी बांधतात, गप्पा मारतात. नाव विचारायची घाई करत नाहीत, कारण पहिलं नाव बहुतेक वेळा खोटं असतं. गावही.

कायदा इथे स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाला २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती, त्यात किमान एक महिला. मूल कुठे राहील हे ती ठरवते. संस्था किंवा एखादा भला माणूस नाही. दया आली म्हणून मुलाला परस्पर घरी ठेवून घेणं, कुणालाच न कळवणं, हा गुन्हा ठरू शकतो. पुढे सामाजिक तपास अहवाल, घरची चौकशी. संस्थेत ठेवणं हा कायद्याच्या दृष्टीने शेवटचा पर्याय आहे. पण आईबाप सापडले म्हणून लगेच सोपवायचं, असंही नाही. ज्या मारहाणीला कंटाळून मूल पळालं, ती थांबली आहे का, हे आधी बघावं लागतं. नाहीतर पुढच्या गाडीने ते परत येणार.

आता संस्थेतला पहिला आठवडा. नशा सुटत असते, त्यामुळे चिडचिड, अंगदुखी, झोप उडालेली. गादी दिली तरी मूल जमिनीवर झोपतं. उशीखाली चपात्या लपवतं, कारण उद्या मिळेल याचा भरवसा नाही. अशा वेळी पहिल्याच दिवशी केस कापायचे, जुने कपडे फेकायचे, पहाटे प्रार्थनेला उभं करायचं, हा मला तरी वेडेपणा वाटतो. खुल्या निवारागृहाचा उपयोग इथेच होतो. मूल तिथे थोडे दिवस राहतं, माणसं ओळखतं, मग बालगृहाचा विचार होतो. मधे एकदा पळून जाऊन परत आलं, तर दारात टोमणा मारण्याऐवजी ताट वाढणारी संस्था मुलाला टिकवू शकते.

शाळेचाही गुंता असतो. बारा वर्षांच्या मुलाला पहिलीच्या बाकावर बसवलं तर लाजेनेच ते पळेल. शिक्षण हक्क कायद्यात वयानुसार वर्ग आणि मागे पडलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षण, दोन्हीची तरतूद आहे. शाळेत दाखला घेताना ती आग्रहाने मागायला हवी.

तुम्हाला स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर १०९८ लावा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन मोफत आहे, रात्रीही चालते. मदत येईपर्यंत मुलाच्या जवळपास थांबा, पण हात धरून ओढू नका. आणि त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. घरून ज्याच्या भीतीने ते पळालं, तोही त्या ग्रुपवर असू शकतो.