अंक वेळेवर निघाला पाहिजे

वैज्ञानिक संस्थेला नवा अध्यक्ष मिळाला की त्याच्याकडून भव्य संकल्पांची अपेक्षा असते. नवी इमारत, नवी पारितोषिकं, परदेशी संस्थांशी करार. चंद्रशेखर वेंकट रामन 31 जुलै 1934 रोजी बंगळूरमध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे पहिले अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा संस्थेकडे स्वतःची इमारत नव्हती. फक्त 65 संस्थापक फेलो होते, मंजुरीसाठी मांडलेली घटना होती आणि त्याच महिन्यापासून निघू लागलेलं एक मासिक होतं. 45 वर्षांच्या अध्यक्षांनी आपली सगळी भिस्त या मासिकावर ठेवली होती. भारतात झालेलं चांगलं संशोधन भारतात छापलं जावं, दर महिन्याला छापलं जावं आणि जगाने ते वाचावं, एवढीच त्यांची योजना होती. तिला आता 90 वर्षं उलटून गेली आहेत, आणि कोणत्याही विज्ञान-संस्थेच्या अध्यक्षाचं काम नेमकं काय असतं हे कळायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

रामन यांचा छपाईवर एवढा जीव का, याचं उत्तर सहा वर्षं मागे सापडतं. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये त्यांना आणि के. एस. कृष्णन यांना विखुरलेल्या प्रकाशात बदललेल्या तरंगलांबीच्या रेषा दिसल्या. 16 मार्चला बंगळूरला त्यांनी या शोधावर व्याख्यान दिलं. ते व्याख्यान त्यांनी ताबडतोब इंडियन जर्नल ऑफ फिजिक्ससाठी छापून घेतलं आणि त्याच्या प्रती जगभरच्या शास्त्रज्ञांना टपालाने रवाना केल्या. हे नियतकालिक त्यांनीच 1926 मध्ये सुरू केलेलं होतं. त्याच सुमारास मॉस्कोत लान्ड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना स्फटिकांमध्ये हाच परिणाम दिसला होता, पण त्यांचा निबंध छापून यायला काही महिने गेले. 1930 चं नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळालं. शोध पक्का होताच, पण हाताशी स्वतःचं नियतकालिक नसतं तर या कथेचा शेवट कदाचित वेगळा झाला असता. ही गोष्ट रामन कधीच विसरले नाहीत.

अकॅडमीचा जन्म मात्र भांडणातून झाला. 1934 च्या जानेवारीत इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन मुंबईत भरलं. अध्यक्ष मेघनाद साहा यांनी भाषणात साऱ्या देशासाठी एक विज्ञान अकादमी असावी अशी मागणी केली. तिचा आराखडा करायला समिती नेमली गेली. समितीचा विचारविनिमय चालू असतानाच रामन यांनी 24 एप्रिलला बंगळूरमध्ये आपली अकॅडमी नोंदवून टाकली. पुढच्याच वर्षी कोलकात्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया उभी राहिली, तीच आजची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी. अलाहाबादला साहांच्या पुढाकाराने 1930 मध्येच एक अकादमी निघाली होती. अशा रीतीने एका देशाला तीन विज्ञान अकादम्या मिळाल्या. त्यामागे माणसामाणसांतली तेढ होती आणि प्रांताभिमानही होता. तरीही तिघींपैकी बंगळूरच्या अकॅडमीने पहिल्या दिवसापासून एक काम आपलं मानलं आणि ते सोडलं नाही. ते काम म्हणजे नियतकालिक चालवणं.

'प्रोसीडिंग्ज' या नावाने निघालेल्या मासिकाचे लवकरच दोन भाग झाले, एक भौतिक आणि गणिती विज्ञानांचा, दुसरा जीवविज्ञानाचा. बंगळूरला आल्यानंतर रामन यांनी आपलं बहुतेक सगळं काम याच मासिकाला दिलं. 1935-36 मध्ये त्यांनी आणि नागेंद्र नाथ यांनी ध्वनिलहरींमुळे प्रकाशाचं विवर्तन कसं होतं याचा सिद्धांत पाच निबंधांत मांडला. प्रकाशाचा किरण ध्वनीने वळवणाऱ्या उपकरणांच्या अभ्यासात आजही रामन-नाथ हे नाव घ्यावंच लागतं. 1942 मध्ये विक्रम साराभाई यांचा पहिला शोधनिबंध, वैश्विक किरणांवरचा, इथेच आला. अकॅडमीची वार्षिक सभा वेगवेगळ्या शहरांत भरायची. 1941 ची सभा नागपूरला होती. तिथे होमी भाभा फेलो झाले, आणि संगीत, चित्रकला, अभियांत्रिकी व विज्ञान यांत सारखीच गती असलेल्या या तरुणाची ओळख करून देताना रामन यांनी त्यांची तुलना थेट लिओनार्दो दा विंचीशी केली. भाभांचं वय तेव्हा 32 होतं. तरुण माणसाची पारख करून त्याला भरसभेत पुढे आणणं हाही अध्यक्षाच्या कामाचा भाग आहे, असं रामन मानत.

घरच्या मासिकाचं मोल काय, हे एका निबंधावरून दाखवता येतं. 1956 मध्ये 'प्रोसीडिंग्ज'मध्ये शिवरामकृष्णन पंचरत्नम यांचा ध्रुवित प्रकाशाच्या व्यतिकरणावरचा निबंध छापून आला. पंचरत्नम रामन यांचे भाचे. अकॅडमीची स्थापना झाली त्याच वर्षी जन्मलेले, म्हणजे तेव्हा अवघे 22 वर्षांचे. रामन संशोधन संस्थेत ते प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकांवर काम करत होते.

प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या सगळ्या अवस्था एका काल्पनिक गोलावर मांडता येतात. विषुववृत्तावर रेषीय ध्रुवीकरण येतं, म्हणजे आडवं, उभं, तिरकं. दोन ध्रुवांवर डावं आणि उजवं वर्तुळाकार ध्रुवीकरण येतं. आता आडवा ध्रुवित प्रकाश घ्या. ध्रुवक वापरून त्याला आधी 45 अंशांत तिरका करा, मग वर्तुळाकार करा आणि शेवटी पुन्हा आडवा करा. गोलावर या प्रवासाचा एक त्रिकोण तयार होतो आणि तो गोलाचा बरोबर आठवा हिस्सा व्यापतो. प्रकाश निघाला त्याच अवस्थेत परत आला, तेव्हा काहीच बदललं नसावं असं वाटतं. पंचरत्नम यांनी दाखवून दिलं की त्याची कला, म्हणजे फेज, बदललेली असते. त्रिकोणाने गोलाच्या केंद्राशी केलेल्या घनकोनाच्या बरोबर निम्म्याने ती सरकते. इथे हा फरक 45 अंशांचा येतो, म्हणजे लाट एका तरंगलांबीच्या आठव्या भागाने सरकलेली असते. प्रकाशाने किती अंतर कापलं याचा या सरकण्याशी काही संबंध नाही. ते ठरतं फक्त गोलावर आखलेल्या वाटेच्या आकारावरून.

हा निबंध जवळपास 30 वर्षं फारसा कुणाच्या नजरेत आला नाही. पंचरत्नम 1969 मध्ये ऑक्सफर्डला पस्तिशीतच वारले. 1984 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी पुंज यामिकीत अशाच भूमितीय कलेचा व्यापक सिद्धांत मांडला आणि जगभर त्याची चर्चा सुरू झाली. 1986 मध्ये बंगळूरचे शिवराज रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहून दाखवून दिलं की ही कल्पना प्रकाशाच्या बाबतीत पंचरत्नम यांनी कधीच मांडली होती. बेरी स्वतः बंगळूरला आले, त्यांनी मूळ निबंध वाचले आणि 1987 मध्ये पंचरत्नम यांचं श्रेय जाहीरपणे मान्य करणारा लेख लिहिला. आज पाठ्यपुस्तकांत पंचरत्नम-बेरी कला हे नाव आहे. त्या 22 वर्षांच्या मुलाचं काम इथल्या मासिकात नीट छापलेलं होतं आणि खंड जपून ठेवलेले होते, म्हणूनच ते पुन्हा हाती लागलं.

रामन यांच्या योजनेत एक मोठी खोटही होती, आणि ती त्यांच्या थोरवीतूनच आली होती. ते तब्बल 36 वर्षं, मृत्यूपर्यंत, अध्यक्ष राहिले. 1940 च्या दशकात त्यांनी स्फटिकांमधल्या अणूंच्या कंपनांविषयी माक्स बोर्न यांच्या सिद्धांताला आव्हान दिलं. बोर्न हे त्यांनीच 1935 मध्ये बंगळूरला बोलावलेले पाहुणे प्राध्यापक होते. रामन यांचे त्या वादातले निबंध एकामागून एक आपल्याच मासिकात छापले गेले. शेवटी बोर्न बरोबर ठरले. अध्यक्ष, संपादक आणि लेखक एकच असला तर त्याच्या निबंधावर परखड अभिप्राय कोण देणार? रामन यांच्यासारख्या प्रखर माणसासमोर ते धाडस करणं सोपं नव्हतं. संस्था एका माणसाच्या तेजावर चालू लागली की त्या माणसाच्या चुकाही संस्थेच्या होतात.

21 नोव्हेंबर 1970 रोजी रामन गेले. अखेरच्या दिवसांत त्यांनी सहकाऱ्यांना बजावलं होतं की अकॅडमीची नियतकालिकं मरू देऊ नका, कारण देशात विज्ञान खरोखर रुजतंय की नाही हे त्यांच्यावरूनच कळतं. पुढच्या अध्यक्षांनी ही गोष्ट पाळली, आणि ती पाळताना रामन यांची पद्धत मात्र बदलली. वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. सदाशिवन 1971 ते 1973 अध्यक्ष राहिले, आणि तेव्हापासून अध्यक्षपद दर तीन वर्षांनी नव्या हाती जातं. एम. जी. के. मेनन, सतीश धवन, रामशेषन अशा भिन्न विषयांतल्या माणसांनी ते सांभाळलं. एकाच 'प्रोसीडिंग्ज'मध्ये सगळं कोंबण्याऐवजी विषयवार नियतकालिकं निघाली. 1973 मध्ये भौतिकशास्त्राचं 'प्रमाण', 1978 मध्ये अभियांत्रिकीचं 'साधना', 1979 मध्ये जीवविज्ञानाचं आणि मटेरियल्स सायन्सचं, 1980 मध्ये खगोलभौतिकीचं. प्रत्येकाला स्वतंत्र संपादक मंडळ आणि बाहेरचे समीक्षक. रामन यांच्या हयातीत जे जमलं नाही ते यातून साधलं. आता अध्यक्षाचा निबंधही इतरांसारखाच तपासला जातो.

याच काळातलं आणखी एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' हे जनुकशास्त्रातल्या सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी एक. बेटसन आणि पनेट यांनी ते 1910 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलं. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले ते हे नियतकालिक सोबत घेऊनच. त्यांच्या पश्चात पत्नी हेलन स्पर्वे यांनी ते चालवलं, पण 1978 मध्ये त्या गेल्यावर ते बंद पडलं. 1985 मध्ये अकॅडमीने ते पुन्हा सुरू केलं. दुसऱ्याने लावलेलं झाड वाळू न देणं हेही संस्थेच्या कारभाऱ्यांचं काम आहे, आणि यात नव्या संस्थेच्या उद्घाटनासारखा गाजावाजा कुणी करत नाही.

1996 च्या जानेवारीत विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी 'रेझोनन्स' सुरू झालं. एन. मुकुंद त्याचे पहिले मुख्य संपादक. 2008 मध्ये अकॅडमीने 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक काढलं. त्यात भारतातल्या जवळपास 100 स्त्री-शास्त्रज्ञांनी आपली वाटचाल सांगितली आहे. त्याचं संपादन पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि एस. पी. कॉलेजात शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले आणि रामकृष्ण रामस्वामी यांनी केलं. विज्ञानातल्या स्त्रियांसाठी अकॅडमीने जे काम केलं त्याची धुरा गोडबोले यांनी वर्षानुवर्षं वाहिली. 2024 च्या ऑक्टोबरात पुण्यात त्यांचं निधन झालं. रामस्वामी पुढे अकॅडमीचे अध्यक्ष झाले. भगिनी संस्था असलेल्या इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमीला पहिली स्त्री-अध्यक्ष, चंद्रिमा शहा, मिळायला 2020 साल उजाडावं लागलं. मग या कामाची गरज वेगळी सांगायला नको.

आज या अकॅडमीच्या कोणत्याही नव्या अध्यक्षापुढे जो प्रश्न आहे तो रामन यांच्यापुढेही होता, आता फक्त तो पैशाच्या आकड्यांत दिसतो. 2025 ते 2027 या तीन वर्षांत देशातल्या सरकारी विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना 30 प्रकाशकांची नियतकालिकं वाचता यावीत म्हणून केंद्र सरकारने 6,000 कोटी रुपये मंजूर केले. तालुक्याच्या कॉलेजातल्या संशोधकालाही यामुळे मोठी नियतकालिकं उघडता येतात, आणि हे चांगलंच झालं. पण ज्या निबंधांसाठी आपण एवढे पैसे मोजतो त्यांतले कितीतरी आपल्याच प्रयोगशाळांत लिहिलेले असतात. अकॅडमीने आपल्या नियतकालिकांचे जुने खंड सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत. पंचरत्नम यांचा 1956 चा निबंध आज गडचिरोलीतल्या विद्यार्थिनीलाही एक पैसा न देता वाचता येतो. तरीही तीच विद्यार्थिनी पुढे संशोधक झाली की तिचं पहिलं चांगलं काम परदेशी नियतकालिकाकडे जातं, कारण नोकरी आणि बढती ठरवणारी समिती त्याच नियतकालिकाचं नाव बघते. आणि त्या समितीवर बसलेले अनेकजण स्वतः याच अकॅडमीचे फेलो असतात.

हे बदलायचं तर सरकारी आदेशाची वाट पाहण्याचं कारण नाही. रामन यांना नोबेल मिळालेलं होतं, जगातलं कोणतंही नियतकालिक त्यांचा निबंध आनंदाने छापत असे. तरी अकॅडमीचं मासिक नवं आणि अनोळखी होतं तेव्हाच त्यांनी आपलं उत्तम काम आधी त्याला दिलं, आणि मगच ते इतरांकडे मागितलं. नव्या अध्यक्षाने प्रत्येक फेलोकडे असाच एक निबंध मागावा, उरलासुरला नव्हे, आपला सर्वांत चांगला. समीक्षकांनी तो कुणाचीही भीड न ठेवता तपासावा, आणि नेमणुकीच्या समितीत बसल्यावर फेलोंनी घरच्या नियतकालिकातल्या निबंधाला त्याच्या गुणाप्रमाणे वजन द्यावं. एवढं झालं तर त्याच्या तीन वर्षांच्या मुदतीत दुसरी एकही घोषणा झाली नाही तरी तो अध्यक्ष यशस्वी ठरेल.